न मोजणारे यंत्र : घरगुती सीएनसी राउटरच्या चुकलेल्या पावलांचा इतिहास

घरी बांधलेल्या सीएनसी राउटरचा एक विकार सर्वपरिचित आहे. प्लायवूडमध्ये कोरायला घेतलेले वर्तुळ पूर्ण होते, पण शेवट सुरुवातीच्या बिंदूला मिळत नाही. दोनेक मिलिमीटर बाजूला पडतो. संगणकाच्या पडद्यावरचे आकडे मात्र बिनचूक असतात. आपण चुकलो याची यंत्राला खबरच नसते. या अज्ञानाला सात दशकांचा इतिहास आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती घडवत असत. पात्याच्या वक्रावरील बिंदू गणिताने काढून त्यांवरून यंत्र चालवावे, ही त्यांची कल्पना. १९४९ मध्ये हवाई दलाचे कंत्राट मिळाले आणि काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेले. (पुढे प्रकल्प एमआयटीने आपल्या हाती घेतला आणि पार्सन्सच बाजूला पडले. कल्पना कोणाची, हा वाद बराच काळ चालला.) सप्टेंबर १९५२ मध्ये सिनसिनाटी कंपनीचे हायड्रोटेल मिलिंग यंत्र भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालवून दाखवण्यात आले.

त्या यंत्राचे नियंत्रण निर्वात नलिकांनी भरलेले आणि अवाढव्य होते, कारण ते केवळ हुकूम देत नव्हते. टेबल प्रत्यक्षात कुठे पोचले, याची वार्ता परत येई आणि फरक दिसला की तो भरून काढला जाई. अचूकतेचा पाया या परतीच्या वार्तेत होता. खर्चही तिच्यातच होता.

योगायोग असा की, त्याच १९५२ साली जनरल इलेक्ट्रिकच्या फायरटॅग आणि डोनाहू यांना एका संथगती मोटारीचे पेटंट मिळाले. तिच्या फिरत्या भागावर दाते. दाते ५० असतील तर ६० हर्ट्झच्या प्रवाहावर ती मिनिटाला फक्त ७२ फेरे घेते. याच रचनेच्या वेटोळ्यांना आळीपाळीने एकदिश प्रवाह दिला की मोटार १.८ अंशांची पावले टाकते, फेऱ्याला २००. आजची स्टेपर मोटार ती हीच. पावले मोजून दिली की जागा कळतेच, मग परतीची वार्ता कशाला? स्वस्त यंत्राची सगळी भिस्त या एका गृहीतकावर आहे आणि मोटार दिलेले प्रत्येक पाऊल टाकते तोवरच ते खरे असते.

पाऊल कधी चुकते? उत्तर वेटोळ्यात आहे. १.५ ओहमच्या वेटोळ्याला २ अँपियर प्रवाह हवा, तर हिशेबाने ३ व्होल्ट पुरतात. पण वेटोळे प्रवाहातील बदलाला विरोध करते. त्याचे इंडक्टन्स ३ मिलिहेन्री धरले आणि मिनिटाला ३०० फेरे हवे असले, तर प्रत्येक पावलाला एकच मिलिसेकंद मिळतो. ३ व्होल्टवर तेवढ्या वेळात प्रवाह निम्म्यापर्यंतही चढत नाही. ३६ व्होल्ट दिले तर मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत चढतो. म्हणून ड्रायव्हर जास्त व्होल्टेज देतो आणि ठरलेली मर्यादा येताच प्रवाह झपाट्याने तोडत-जोडत राहतो. या ‘चॉपर’ पद्धतीचे अख्खे मंडल एका चिपमध्ये मावू लागले, तेव्हा स्टेपर घराघरांत शिरली. २००५ मध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी रेपरॅप हा त्रिमितीय छपाईयंत्राचा प्रकल्प सुरू केला, २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांची ग्रबल ही आज्ञावली आली आणि अ‍ॅलेग्रोची ए४९८८ ही नखाएवढी चिप हौशी मंडळींच्या नित्य वापरातली झाली.

आणि इथेच नेहमीची गफलत होते. पावले चुकली की हात ड्रायव्हरवरच्या छोट्या स्क्रूकडे जातो आणि प्रवाह वाढवला जातो. यंत्र हळू चालताना ठीक आणि वेगात चुकत असेल, तर दोष बहुधा प्रवाहाचा नसतो. व्होल्टेज अपुरे असते. वाढवलेल्या प्रवाहाने चिप मात्र तापते, स्वसंरक्षणासाठी क्षणभर बंद पडते आणि निवल्यावर काही घडलेच नाही अशी पुन्हा चालू होते. मधली पावले गेली ती गेलीच. एकेक अक्ष नीट चालतो, पण तिन्ही एकदम धावले की घोळ होतो, अशी तक्रार असेल तर संशय पॉवर सप्लायवर घ्यावा. त्याचे क्षणिक खचणे मल्टीमीटरला दिसत नाही, कारण तो सरासरी दाखवतो. चालू यंत्रात मोटारीची वायर काढून पाहण्याचा मोह तर टाळावाच. तुटलेल्या प्रवाहाने वेटोळ्यात उसळणारे व्होल्टेज ड्रायव्हर जाळू शकते.

अलीकडे स्टेपरच्या मागच्या टोकाला एन्कोडर जोडलेल्या मोटारीही मिळतात. पाऊल चुकले तर ते भरून काढायचे, किंवा निदान थांबून तसे सांगायचे, हे त्यांचे काम. सिनसिनाटीच्या त्या यंत्रासाठी जे करायला निर्वात नलिकांची कपाटे लागली, ते आता मोटारीच्या टोकावरच्या एका चकतीत बसते. किंमत मात्र साध्या स्टेपरपेक्षा अजूनही जास्तच असते.