काचेच्या पेटीत कोण कोणाचा शेजारी? रीफ टँकची पावणेदोनशे वर्षांची गोष्ट

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावरून आलाय. मोशीला राहतात, चाकणला शिफ्टला जातात. त्यांचा मेसेज असा: ‘घरी तीन फुटी टाकीत समुद्री रीफ करायचाय. निमो, डोरी, एक-दोन कोळंब्या, थोडं कोरल आणि जमलं तर एक समुद्रघोडा. हे सगळं एकत्र नांदेल का?’

थोडक्यात सांगायचं तर निमो आणि कोळंबी नांदतील. डोरी मावणार नाही. आणि समुद्रघोडा व दगडी कोरल यांचा प्रश्न टाकीचा नाहीच, कायद्याचा आहे. पण नुसती यादी दिली की ती दुकानाच्या दारापर्यंतच टिकते. आत गेल्यावर निळा-पिवळा मासा समोर दिसतो आणि यादी खिशात राहते. म्हणून आज हे नियम कुठून आले ते बघू. कारण समजलं की मोह आवरायला जरा सोपं जातं.

गोगलगायीपासून सुरुवात

साल १८४९-५०, शहर लंडन. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनतज्ज्ञ काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवतो. हिशोब साधा होता. मासे सोडतील तो कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेईल, वनस्पती सोडेल तो ऑक्सिजन माशांना मिळेल. पण वनस्पतीची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर शेवाळ चढलं. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजलेली पानं आणि शेवाळ खाल्लं, वर त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. पाणी निवळलं. १८५० मध्ये त्याने हे निरीक्षण लंडनच्या केमिकल सोसायटीसमोर मांडलं.

माझ्या मते मत्स्यालयाच्या इतिहासातला ‘कंपॅटिबल’ हा विचार इथे सुरू होतो. तिसरा प्राणी शोभेसाठी आला नव्हता, कामासाठी आला होता. आज रीफवाले ज्याला ‘क्लीनअप क्रू’ म्हणतात, त्या गोगलगायी आणि शंखातले खेकडे, ती हीच कल्पना.

गोड्या पाण्याचं जमलं. समुद्राचं? त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, ॲना थिन नावाच्या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत दगडी प्रवाळ लंडनला घेऊन आल्या. शहरात ताजं समुद्राचं पाणी रोज कुठून मिळणार? मग घरातली मोलकरीण रोज तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची, म्हणजे त्यात हवा मिसळेल. आज आपल्या टाकीत वेव्हमेकर जे करतो, ते त्या बाई हाताने करत होत्या. इतिहासात नाव मात्र मालकिणीचंच राहिलं.

पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचं पुस्तक आलं आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. त्या पुस्तकाने असं वेड लावलं की लोक बादल्या घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि खडकांमधली डबकी रिकामी करत सुटले. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ मधल्या आपल्या आठवणींत याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. वडिलांनी प्रेमाने दाखवलेला किनारा त्या प्रेमापायीच ओरबाडला गेला. हा धागा लक्षात ठेवा, तो आपल्या कायद्यापाशी परत येणार आहे.

तारापोरवाला आणि वेगळ्या खोल्या

आपल्याकडे मद्रासच्या मरिना किनाऱ्यावर १९०९ मध्ये मत्स्यालय सुरू झालं. मराठी माणसाच्या आठवणीत मात्र मत्स्यालय म्हणजे एकच, मुंबईचं तारापोरवाला. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर त्याचं उद्घाटन झालं. खर्च साधारण आठ लाख रुपये आणि त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्याचे, म्हणून ते नाव. पिंपरीतून शाळेची सहल मुंबईला गेली की राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला हे ठरलेलं असायचं. २०१५ मध्ये ते नव्या रूपात उघडलं, आत १२ फुटांचा ॲक्रिलिकचा बोगदा आला. मग कोविडच्या काळात बंद झालं आणि पुढे इमारत धोकादायक ठरली.

त्या पिढीतल्या मत्स्यालयांचं ‘कोण कोणासोबत’ या प्रश्नाला उत्तर सरळ होतं: भांडणाऱ्यांना वेगळ्या खोल्या द्या. एका काचेमागे लायनफिश, दुसऱ्या काचेमागे ईल. यात एक रासायनिक कारणही होतं. समुद्री माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी येतो, आणि त्याच्यावरचा जुना, खात्रीचा इलाज म्हणजे तांबं. ज्या मात्रेत मासा तांबं सोसतो, त्याच मात्रेत कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ मरतात. त्यामुळे जिथे तांब्याचं औषध होतं तिथे मासेच मासे, आणि सजावटीला प्रवाळाचे मेलेले पांढरे सांगाडे. जिवंत रीफ तिथे शक्यच नव्हता.

आपल्या पट्ट्यातल्या लोकांसाठी इथे एक खास सूचना. टाकीच्या पाण्याच्या वाटेवर पितळी कॉक किंवा जोड ठेवू नका. पितळात तांबं असतं आणि खारं पाणी ते हळूहळू सोडवतं. मशीन शॉपमधून आलात तर हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय टाकीत घालू नका. माशाच्या औषधाची बाटली आणताना ‘यात तांबं आहे का’ हा एकच प्रश्न विचारा. औषध द्यायचंच तर मासा वेगळ्या टाकीत काढून द्या, मुख्य टाकीत कधीच नाही.

जकार्ता, बर्लिन आणि चुन्याची निवळी

मग मासे आणि प्रवाळ एकत्र आले कधी? १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातले जिवंत खडक, म्हणजे ज्यांच्या भोकाभोकांत जिवाणू आणि बारीक जीव आहेत असे दगड, टाकीत ठेवायचे. वर ऊन आणि हवेचे बुडबुडे. माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया ते जिवाणूच पचवतात. म्हणजे पुन्हा वॉरिंग्टनची गोगलगायच, फक्त आता डोळ्यांना न दिसणारी.

१९७० च्या दशकात पीटर विल्केन्स आणि बर्लिनचे हौशी लोक यांनी त्यात भर घातली. जिवंत खडक, प्रखर दिवे, पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर, आणि प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम मिळावं म्हणून चक्क चुन्याची निवळी. हो, तीच, जिच्यात फुंकर मारून शाळेत आपण ती दुधाळ करायचो. १९६० च्या दशकात तयार कृत्रिम समुद्री मीठही बाजारात आलं होतं. त्यामुळे समुद्र घाट उतरून खाली असला तरी आपल्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर तो ‘कालवता’ येतो. हिशोब बघा: तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे साधारण १९० लिटर. लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर जवळपास साडेसहा किलो मीठ. तेही आरओच्या पाण्यात. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी आहे, तेव्हा पाणीबदलाचं पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवायची सवय लावावी लागते.

कायदा कुठे आला?

आता तो गॉसचा धागा. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांचा भारतीय किनाऱ्यावरून इतका उपसा झाला की २००१ मध्ये केंद्राने त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं. म्हणजे वाघाच्या रांगेत. सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, सगळ्या समुद्रकाकड्या, सगळे समुद्रघोडे. ‘दुकानात मिळतंय म्हणजे चालत असेल’ हा तर्क इथे लागू नाही.

२०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयाच्या दुकानांसाठी प्राणी-क्रूरता प्रतिबंधाचे नियमही आणले होते. त्यांच्या यादीत १५८ जाती होत्या आणि क्लाऊनफिश, बटरफ्लायफिशही होते. विक्रेत्यांनी आणि हौशी लोकांनी ओरड केली, काही महिन्यांतच ते नियम मागे गेले. पण अनुसूची कायम आहे. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर, २०२४ च्या नियमांप्रमाणे, सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आपला स्वतःचा प्रवाळ बघायचाच असेल तर तो मालवणला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटर. विजयदुर्गाच्या पश्चिमेला खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. ते तिथेच राहू द्यावं.

आणि मासे? केरळात विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास साधली. नवी मुंबईत ऐरोलीलाही मँग्रोव्ह फाउंडेशनने राष्ट्रीय मत्स्य अनुवंश संसाधन ब्युरोच्या मदतीने शोभेच्या सागरी माशांचं उबवणी केंद्र उभं केलं. टाकीत जन्मलेला मासा गोळीखाणं खातो, काचेला सरावलेला असतो आणि त्याच्यासाठी कुठला रीफ फोडावा लागत नाही. दुकानात पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका, ‘हा पैदाशीचा आहे का?’ हा विचारा.

तर तीन फुटी टाकीत काय?

सगळा इतिहास जमेस धरून माझं उत्तर असं.

पैदाशीच्या क्लाऊनफिशची एक जोडी. हे मासे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. म्हणून एक लहान, एक मोठा असे घ्या. दोन मोठ्या माद्या एकत्र टाकल्या तर एक मरेपर्यंत मारामारी. त्यांना ॲनिमोन लागतंच असं नाही. उलट ते फिरतं, शेजाऱ्यांना डंख करतं आणि पंपात अडकलं तर सगळं पाणी नासवतं.

एक वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबी. कोळंबीला फारसं दिसत नाही, ती बीळ खणते. गोबी दारात पहारा देतो आणि धोका आला की शेपटी हलवतो. वेळ घालवायला टीव्हीपेक्षा बरं.

एक क्लीनर कोळंबी, काही गोगलगायी, दोन-चार छोटे शंखखेकडे. रिकामे मोठे शंख ठेवा, नाहीतर खेकडे घरासाठी गोगलगायींवर हात टाकतात.

काय नको? डोरी, म्हणजे ब्लू टँग, फूटभर वाढते आणि तिला पोहायला लांबी लागते. लायनफिश कोळंबीला जेवण समजतो. ट्रिगर आणि पफर कवच फोडून खातात. मँडरिन सुंदर दिसतो, पण तो दिवसभर खडकावरचे बारीक जीव वेचत असतो. नव्या टाकीत ते नसतात आणि तो हळूहळू उपाशी मरतो. डॅमसेल स्वस्त म्हणून आधी टाकतात, आणि मग तो टाकीचा मालक होऊन बसतो. क्रम उलटा ठेवा: गरीब स्वभावाचे आधी, तापट शेवटी. आणि टाकीतला अमोनिया शून्यावर येईपर्यंत कोणीच नाही.

एक शेवटचं. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. पंप थांबला की ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, आणि मे महिन्यात पाणी तापतं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप काही शे रुपयांत मिळतो. तो माशांच्या आधी घ्या.

आम्ही सॉफ्टवेअरवाले व्हर्जन जुळलं नाही की मागचं परत टाकतो. इथे तशी सोय नाही, मेलेली कोळंबी परत येत नाही. म्हणून यादी दुकानात जायच्या आधी घरी करा, प्रत्येक नावापुढे ‘किती वाढतो, काय खातो, कोणाला खातो’ हे तीन रकाने भरा, आणि रिकामा रकाना असेल तो प्राणी आणू नका.

मोशीकर, टाकी लागली की सांगा. बाकी सगळ्यांनी प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!