हेव्हिसाइडचे प्रवर्तकत्व आणि कारखान्यातील 'चोक'

विद्युत्-शास्त्रातील 'इंडक्टन्स' व 'इंपीडन्स' हे दोन्ही शब्द ऑलिव्हर हेव्हिसाइड याने १८८६ च्या सुमारास घडविले. पहिल्यास मराठीत प्रवर्तकत्व व दुसऱ्यास संरोध म्हणतात. तारेचा संरोध जेथे एकाएकी बदलतो तेथून तरंग अंशतः मागे फिरतो, हेही त्याच्या गणितातून स्पष्ट झाले. दूरध्वनीच्या तारेत प्रवर्तकत्व वाढविल्यास आवाजाची विकृती टळेल, असे त्याने १८८७ मध्ये प्रतिपादन केले. ब्रिटिश टपाल खात्यातील विल्यम प्रीस याच्या मते मात्र प्रवर्तकत्व हाच दूरध्वनीचा शत्रू होता! अखेर १९०० मध्ये मायकेल पुपिन याने अमेरिकेत तारेवर ठराविक अंतराने वेटोळी बसविण्याचे एकस्व मिळविले आणि विपुल द्रव्य संपादिले. हेव्हिसाइड १९२५ मध्ये टॉर्की येथे वारला, तो विपन्नावस्थेतच.

हेच गणित १९९० नंतर कारखान्यांत पुन्हा पुढे उभे राहिले. चलित्राचा वेग कमीअधिक करणारे ड्राइव्ह गुळगुळीत तरंग देत नाहीत. ते दाबाचे तुटक स्पंद देतात. जुन्या ट्रान्झिस्टरचा स्पंद चढावयास सुमारे एक मायक्रोसेकंद लागे. आयजीबीटीला त्याचा दहावा हिस्सा पुरतो. केबलमध्ये तरंग मायक्रोसेकंदास सुमारे १५० मीटर जातो. म्हणून पूर्वी ७५ मीटरपर्यंत जी केबल निर्धोक होती, ती आता साडेसात मीटरनंतरच धोक्याची ठरू लागली. चलित्राचा संरोध केबलच्या मानाने फार मोठा, त्यामुळे तेथे तरंग जवळजवळ पूर्ण परततो आणि ४०० व्होल्टच्या यंत्रणेतील ५६० व्होल्टचा स्पंद अकराशेच्या घरात जातो. पहिल्या वेढ्यांचे निरोधन अशा वेळी फाटते.

यावर उपाय पुन्हा प्रवर्तकत्वाचाच, प्रयोजन मात्र निराळे: स्पंदाची चढण मंद करणे. म्हणून आउटपुट रिॲक्टर चलित्रापाशी न बसविता ड्राइव्हच्या लगत बसवितात. त्याची प्रवाहक्षमता चलित्राच्या प्रवाहाहून कमी नसावी. संरोध बहुधा तीन ते पाच टक्के घेतात. अधिक घेतल्यास दाब घटून चलित्राचे बल उणावते. ४०० व्होल्ट, ३० अँपिअर व ५० हर्ट्झला तीन टक्के म्हणजे सुमारे ०.७ मिलिहेन्री. केबल फार लांब असल्यास एवढ्याने भागत नाही, गाळणीच लागते.

बाजारात पुरवठ्याकडील व चलित्राकडील अशा दोन्ही वेटोळ्यांस 'चोक' हेच नाव आहे. पुरवठ्याकडील चोक ५० हर्ट्झसाठी केलेला असतो. तो चुकून दुसरीकडे लावल्यास स्पंदांच्या हजारो हर्ट्झ कंप्रतेमुळे त्याचा गाभा अतोनात तापतो.