सेंट थॉमस कॅथेड्रल, मुंबई
फोर्टमधील इंग्रज वसाहतीचे जुने अँग्लिकन चर्च. ईस्ट इंडिया कंपनीचे गव्हर्नर जेराल्ड आँजिए यांनी १६७६ मध्ये काम सुरू केले. ते पुढे रखडले आणि पाद्री रिचर्ड कॉब यांच्या खटपटीने १७१८ च्या नाताळात चर्च खुले झाले. १८३७ मध्ये कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. चारोटीकरांनी डहाणू रोडहून थेट लोकल धरून चर्चगेटला उतरावे; स्थानकाचे नाव किल्ल्याच्या या चर्चकडील दरवाजावरून पडले. वास्तूपेक्षा आतली संगमरवरी स्मारके अधिक बोलकी. गव्हर्नर जोनाथन डंकन (मृत्यू १८११) यांच्या स्मारकावर काशी व काठियावाडातील बालहत्या बंद केल्याचा उल्लेख कोरला आहे. तो सवडीने वाचावा.