संस्थापकाच्या पश्चात्

१९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यास नामदार गोपाळ कृष्ण गोखले निवर्तले, तेव्हां त्यांचें वय ४८ वर्षांचें होतें. १२ जून १९०५ रोजीं त्यांनीं स्थापिलेल्या भारत सेवक समाजास दहा वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. संस्थेची कल्पना गोखल्यांची, नियम त्यांचे, माणसेंहि त्यांनींच पारखून घेतलेलीं. असा आधारस्तंभ कोसळल्यावर इमारत उभी राहील काय, हा प्रश्न साहजिकच होता.

या प्रश्नाचा विचार गोखल्यांनीं स्वतः फार पूर्वीं केला असला पाहिजे; कारण तशी परीक्षा त्यांनीं तरुणपणीं जवळून पाहिली होती. १८८० सालीं निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे अध्वर्यु विष्णुशास्त्री चिपळूणकर दोनच वर्षांनीं वारले. १८९० सालीं टिळक मतभेदामुळें डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडले. १८९५ सालीं फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल असतांनाच आगरकरांचा अंत झाला. तरी शाळा व कॉलेज चालूच राहिलें. अल्प वेतनावर आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें देणाऱ्या आजीव सभासदांची परंपरा तेथें रुजली होती, आणि गोखले स्वतः १९०२ पर्यंत तींतलेच एक होते.

भारत सेवक समाजाची घडण याच अनुभवांतून झाली. नव्या सभासदास सात शपथा घ्याव्या लागत व पांच वर्षें उमेदवारी करावी लागे. या काळांत वाचन, मनन, देशांतील प्रवास आणि शिस्त हाच त्याचा अभ्यास. संस्थेच्या ‘पहिल्या सभासदा’स, म्हणजे गोखल्यांस, तहहयात मोठे अधिकार होते, हें खरें. परंतु माणसें तयार होऊं लागतांच गोखले त्यांच्या हातीं स्वतंत्र कामें सोंपवीत. देवधरांनीं रमाबाई रानड्यांसह १९०९ सालीं पुण्यास सेवासदन उभें केलें, ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईस सोशल सर्व्हिस लीग काढली. गुरु हयात असतांनाच शिष्यांस स्वतःच्या पायांवर उभें राहण्याची संवय लागली.

खरी कसोटी मात्र गोखल्यांच्या मृत्यूनंतर लगेच लागली. जानेवारी १९१५ मध्यें गांधी आफ्रिकेहून परतले होते. त्यांनीं समाजांत यावें, ही गोखल्यांची मनापासून इच्छा होती; गांधींनींहि तसा अर्ज केला. पोरक्या संस्थेस याहून मोठा पुरुष कोठें मिळता? तरीहि सभासदांत दोन पक्ष पडले. गांधींचे विचार व कार्यपद्धति आपल्याहून निराळी आहे, हें कांहींनीं स्पष्ट सांगितलें. बहुमतानें प्रवेश मिळवून विरोधकांस दुखविण्यापेक्षां गांधींनीं आपण होऊन अर्ज मागें घेतला. स्नेह मात्र तुटला नाहीं. मद्रासेकडील एक शाळामास्तर, श्रीनिवास शास्त्री, अध्यक्ष झाले.

या निर्णयाची किंमत संस्थेस द्यावी लागली. पुढील काळांत देश गांधींच्या मागें गेला, आणि राजकारणांत समाजाचा आवाज क्षीण झाला. पण सेवेचें काम खुंटलें नाहीं. १९२० सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेंत जोशी अग्रभागीं होते. १९१४ सालीं मुंबई म्युनिसिपालिटीची इंजिनिअरची नोकरी सोडून आलेल्या ठक्करबाप्पांनीं १९२२ सालीं भिल्ल सेवा मंडळ स्थापिलें. शास्त्र्यांच्या मागून १९२७ सालीं देवधर, आणि १९३६ सालीं हृदयनाथ कुंझरू अध्यक्ष झाले. मद्रास, महाराष्ट्र, संयुक्त प्रांत, असा अध्यक्षपदाचा प्रवास झाला. तें पद एका घराण्याचें किंवा एका प्रांताचें राहिलें नाहीं.

गोखल्यांच्या तोलाचा दुसरा पुरुष संस्थेस मिळाला नाहीं. परंतु तसा पुरुष मिळेल, या भरंवशावर त्यांनीं ती उभारलीच नव्हती. आपल्या इच्छेविरुद्ध जाणारा निर्णयहि विचारपूर्वक घेऊं शकतील, अशीं माणसें त्यांनीं मागें ठेविलीं. तो निर्णय योग्य कीं अयोग्य, याविषयीं मतभेद होतील. पण तो घेण्याचें धैर्य त्या माणसांच्या ठायीं होतें, म्हणूनच गुरूच्या मागें संस्था जगली.