कोबोलला उशिरा लाभलेला ‘वर्ग’

१९५९ साली अमेरिकेत आकारास आलेल्या कोबोल या व्यावसायिक संगणकभाषेत माहिती आणि तिच्यावरील प्रक्रिया वेगळ्या विभागांत लिहिल्या जात. त्यामुळे तारखेतील वर्षाचे दोन अंक आज्ञावलीत असंख्य ठिकाणी थेट हाताळले जात. माहिती व तिच्यावरील क्रिया एकाच ‘वर्गा’त बांधण्याची कल्पना नॉर्वेच्या डाल आणि नीगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’मध्ये साकारली होती, व्यवहारातील कोबोल मात्र जुन्याच वळणाने लिहिले जात राहिले. म्हणूनच सहस्रक पालटताना प्रत्येक ठिकाण शोधून दुरुस्ती करावी लागली. पुण्याच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राने त्यासाठी साधने घडविली. वर्ग आणि वारसा यांना कोबोलच्या आंतरराष्ट्रीय मानकात स्थान मिळाले ते २००२ मध्ये, संकट टळल्यावर. भाषेला नवे व्याकरण लाभले. बँकांतील जुन्या आज्ञावली मात्र बहुतांशी जुन्याच घडणीच्या राहिल्या.