डिरॅक यांच्या ताऱ्यांची तपासणी

१२ डिसेंबर १९३३ रोजी स्टॉकहोमला नोबेल व्याख्यान देताना पॉल डिरॅक शेवटी शेवटी एक विलक्षण गोष्ट बोलून गेले. आपल्या पृथ्वीवर, सूर्यमालेत ऋण इलेक्ट्रॉन आणि धन प्रोटॉन आहेत, हा निव्वळ योगायोग समजावा. काही तारे नेमके उलट्या घडणीचे, पॉझिट्रॉन आणि ऋण प्रोटॉन यांचे असू शकतील, कदाचित निम्मेही. आणि दोन्हींचा वर्णपट तंतोतंत सारखाच येणार, त्यामुळे पाहून ते ओळखता येणार नाहीत!

तेव्हा डिरॅक ३१ वर्षांचे होते. कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. ऋण प्रोटॉन, म्हणजे प्रतिप्रोटॉन, हाती यायला १९५५ साल उजाडायचे होते. माझा विषय आहे तो त्या ‘तंतोतंत सारखाच’ या दोन शब्दांचा. ते खरे आहेत का, हे पाहायला माणसाला ८३ वर्षे लागली.

वर्णपट पाहायचा तर आधी प्रतिद्रव्याचा अख्खा अणू हवा. तो प्रथम घडला १९९५ साली, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत. वॉल्टर ओलर्ट यांच्या गटाने प्रतिहायड्रोजनचे नऊ अणू केले. जानेवारी १९९६ मध्ये ती बातमी जगभर गाजली. मीही कात्रण काढून ठेवले होते. इतिहासाच्या पुस्तकांतही हेच साल ठळक छापले जाते. मला ते पटत नाही. ते अणू प्रकाशाच्या जवळपास जाणाऱ्या वेगाने धावत होते आणि सेकंदाच्या सुमारे चाळीस अब्जांशात नष्ट झाले. असे अणू मोजता येतात, त्यांना काही विचारता येत नाही.

विचारायचे तर थांबवायला हवे, आणि खरी अडचण तिथेच आहे. प्रतिद्रव्य कशात ठेवणार? भांड्याच्या भिंतीला टेकताच ते भिंतीतल्या द्रव्यासह नाहीसे होते. सुटा प्रतिप्रोटॉन विद्युतभारित असल्याने विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या साहाय्याने निर्वातात तोलून धरता येतो. त्याला पॉझिट्रॉन जोडला की भार शून्य होतो आणि ती पकड सुटते. उरते ती अणूच्या अंगातली इवलीशी चुंबकशक्ती. मध्ये क्षीण आणि कडेला प्रबळ असे चुंबकीय क्षेत्र रचले तर काही अणू मधल्या खळग्यात राहतात. पण हा खळगा परातीसारखा उथळ असतो. निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या अंशापेक्षा अधिक ‘गरम’ अणू काठावरून उडून जातो.

सर्नमध्ये प्रतिप्रोटॉनांचा वेग कमी करणारे यंत्र २००० साली सुरू झाले. २००२ मध्ये अथेना आणि एट्रॅप या गटांनी थंड प्रतिहायड्रोजन केला, पण तोही भिंतीवर जाऊन विझत होता. मग आला नोव्हेंबर २०१०. जेफ्री हँग्स्ट यांच्या अल्फा गटाने जाहीर केले: ३३५ प्रयत्न, ३८ अणू, प्रत्येक सुमारे एक षष्ठांश सेकंद धरून ठेवलेला.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग पुराव्याचा आहे. अणू सापळ्यात होता हे कळते ते सापळा बंद केल्यावरच: तो भिंतीवर आदळतो आणि त्याच्या नाशाची खूण मिळते. पण ती खूण चुकून अडकलेल्या सुट्या प्रतिप्रोटॉनचीही असू शकते. म्हणून सापळा सोडताना त्यांनी विद्युतक्षेत्र लावले, कधी एका दिशेने, कधी उलट. भारित कण असता तर त्या त्या बाजूला ढकलला गेला असता. खुणा सरकल्या नाहीत. आपल्याच शोधाची अशी उलटतपासणी घेणारी माणसे मला नऊ अणूंच्या गाजावाजापेक्षा मोठी वाटतात. पुढच्याच वर्षी अणू हजार सेकंद टिकल्याची नोंद झाली.

डिसेंबर २०१६ मध्ये या अणूवर लेसर टाकून त्याला पहिल्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेण्यात आले. २०१८ मध्ये सुमारे पंधरा हजार अणू वापरून मोजणी अधिक बारीक झाली: प्रतिहायड्रोजनची ही कंपनसंख्या हायड्रोजनशी एक लाख कोटींत दोन भागांपर्यंत, म्हणजे २ भागिले १०००००००००००० इतक्या बारकाईने जुळली. डिरॅक इथवर तरी बरोबर ठरले.

शास्त्रज्ञांना मात्र याने अवघडल्यासारखे झाले असणार. विश्वारंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच निर्माण झाले असेल, तर दोघांनी एकमेकांना संपवून टाकायला हवे होते, आणि आपण नसायला हवे होतो. डिरॅक यांचे उलटे तारेही कुठे दिसत नाहीत. तसे प्रदेश असते तर त्यांच्या सीमांवरून गॅमा किरण आले असते. म्हणजे कुठेतरी भेद असलाच पाहिजे. तो वर्णपटात असलाच, तर अजून खालच्या अंकांत दडला आहे. साध्या हायड्रोजनची हीच संख्या पंधरा अंकांपर्यंत ठाऊक आहे, तेव्हा शोधायला जागा शिल्लक आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये अल्फा गटाने दुसरा प्रश्न विचारला: हा अणू खाली पडतो की वर? उभा सापळा हळूहळू सैल केला. बहुतेक अणू खालून बाहेर पडले. त्वरण आले पृथ्वीच्या नेहमीच्या गुरुत्वत्वरणाच्या ०.७५ पट, पण मोजणीतली अनिश्चितता एवढी मोठी की पूर्ण १ हे उत्तरही तिच्यात बसते. वर पडण्याची शक्यता मात्र निकालात निघाली. उरलेला पाव हिस्सा मोजणीतला दोष आहे की निसर्गातला भेद, हे ठरायला त्याहून थंड अणू लागतील, आणि त्यांना लेसरने थंड करण्याची रीत याच गटाने २०२१ मध्ये साधली आहे.