शिक्षकाचा पगार आणि अनुदानाचे टप्पे: पालकांनी समजून घ्यावे असे

राज्यातल्या अनेक खासगी उर्दू आणि मराठी शाळा अजून पूर्ण अनुदानावर आलेल्या नाहीत. आपली मुलं तिथे शिकतात, आपल्या लेकी डी.एड., बी.एड. करून तिथेच नोकरीला लागतात. म्हणून पगाराचा पैसा येतो कुठून, हे घरोघरी माहीत हवे.

टप्पा म्हणजे काय?
पूर्ण अनुदानित शाळेत मंजूर पदांचा पगार सरकार देते. विनाअनुदानित शाळेत तो संस्थेने द्यायचा असतो. पूर्वी नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' म्हणून मान्यता मिळे. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला गेला. तेव्हापासून मूल्यांकनात पात्र ठरलेल्या शाळेला २०, ४०, ६०, ८० आणि शेवटी १०० टक्के असे अनुदान मिळायला हवे. पण टप्पा आपोआप वाढत नाही. त्यासाठी शासन निर्णय निघावा लागतो, निधीची तरतूद व्हावी लागते. शिक्षक आझाद मैदानावर बसतात ते यासाठीच.

हिशेब सोपा आहे. पूर्ण पगार ४०,००० धरला, तर २० टक्क्यांवर सरकारकडून ८,००० येतात. एवढ्यात घर कसे चालणार? मग सर संध्याकाळी शिकवण्या घेतात, नाहीतर दुसरे काम शोधतात. नुकसान वर्गातल्या मुलांचे होते.

शिक्षण सेवक
अनुदानित शाळेतही नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. प्राथमिकसाठी त्याचे मानधन ६,००० होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००.

अल्पसंख्याक शाळांचा हक्क
संविधानाच्या कलम ३० (२) नुसार, संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदान देताना भेदभाव करता येत नाही. म्हणजे अनुदान मागणे ही मेहरबानी मागणे नव्हे.

पालकांनी काय करावे?
शिक्षकांची पदे पटसंख्येवरून, संचमान्यतेत ठरतात. मुलांच्या नोंदी आधारशी जुळतात का, हेही पाहिले जाते. नावाच्या स्पेलिंगमध्ये, जन्मतारखेत फरक असेल तर वेळीच दुरुस्त करून घ्या. आपली शाळा कोणत्या टप्प्यावर आहे, हे पालक सभेत जरूर विचारा. आम्ही शिक्षक आमच्यासाठी बोलतोच; पालक बोलले की ती शाळेची मागणी होते.